लांबच्या लाइनवरून लहान पिकअपवर: पन्नाशीनंतर ड्रायव्हर गाडी का बदलतात?

नागपूरहून दक्षिणेकडे निघालं की सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरी लागतं. इथे रस्ते फुटतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ जाम, हिंगणघाट करत हैदराबादकडे जातो आणि उजव्या हाताचा रस्ता वर्धा, यवतमाळवरून तुळजापूर गाठतो. श्रीनगर ते कन्याकुमारी या महामार्गावरचे ट्रेलर इथूनच पुढे सरकतात. त्यांच्या शेजारून एमआयडीसीच्या रस्त्यांवर छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, दोस्त, सुपर कॅरी अशा लहान मालवाहू गाड्या दिवसभर फेऱ्या मारत असतात. या गाड्यांच्या स्टिअरिंगवर पन्नाशी-साठीची माणसं सहज दिसतात.

पोरं मोठ्या गाडीवर आणि वडीलधारे लहान गाडीवर, असं का व्हावं? वरवर पाहता ही उतरती पायरी वाटते. प्रत्यक्षात हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो. वयानं दिलेलं कसब कामाला लावायचं आणि वयानं नेलेलं बळ जपायचं, हे दोन्ही लहान पिकअपमध्ये एकाच वेळी साधतं. त्यामागची कारणं एकेक करून पाहू.

लहान गाडीवर येणारी माणसं

यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट लांबच्या लाइनवरच्या जुन्या ड्रायव्हरांचा. पंचवीस-तीस वर्षं दहाचाकी, बाराचाकी चालवून झाल्यावर आता आठ-आठ दिवस घराबाहेर राहणं यांना नको असतं. दुसरा गट कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा. हाताशी थोडी रक्कम असते, कंपन्यांची दारं ओळखीची असतात आणि रिकामं बसवत नाही. तिसरा गट आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा. टाकळघाट, बोरखेडीच्या पट्ट्यातला माणूस हंगामात स्वतःचा भाजीपाला, कापूस, संत्री नेतो आणि एरवी दुसऱ्याचं भाडं मारतो.

तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी गाडीकडून मागणं एकच आहे: चढायला सोपी, चालवायला हलकी, संध्याकाळी घरी आणणारी आणि मालकी आपल्या आवाक्यातली.

बुटीबोरीत लहान गाडीला काम कुठून मिळतं?

बुटीबोरी ही विदर्भातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. धाग्यापासून टायरपर्यंत अनेक वस्तू इथे तयार होतात. इंडोरामा आणि सिएट ही त्यातली ठळक नावं. मोठ्या कारखान्याचा मुख्य माल ट्रेलरने येतो-जातो. पण कारखाना तेवढ्यावर चालत नाही. पॅकिंगचे खोके, यंत्राचे सुटे भाग, दुरुस्तीला गेलेली मोटर, वेल्डिंगचं सामान, कॅन्टीनचा किराणा, गॅस सिलिंडर, भंगार अशा शेकडो किरकोळ खेपा रोज लागतात. पाचशे किलोंसाठी दहाचाकी कुणी बोलावत नाही.

नागपूर शहर जवळ असणं हे दुसरं कारण. इतवारी, गांधीबाग इथल्या ठोक बाजारातल्या गल्ल्या अरुंद आहेत. कळमन्याच्या बाजार समितीत पहाटेपासून माल येतो. जड वाहनांना शहरात दिवसा अनेक रस्त्यांवर बंदी असते, म्हणून मोठ्या ट्रकचा माल शहराच्या कडेला उतरतो आणि पुढचा प्रवास लहान गाडीने होतो. बुटीबोरी-नागपूर, बुटीबोरी-वर्धा, बुटीबोरी-हिंगणघाट या सगळ्या फेऱ्या जाऊन-येऊन एका दिवसात बसतात. वय झालेल्या माणसाला नेमकं असंच काम हवं असतं.

छोटा हत्ती आला आणि चित्र पालटलं

लहान मालवाहू गाडी महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकी आणि नंतरची मॅटाडोर इतकी रुळली की नागपूरकडे आजही कित्येक जण कुठल्याही लहान मालगाडीला मॅटाडोरच म्हणतात. १९८६मध्ये टाटाची ४०७ आली आणि मधल्या वजनाचा प्रश्न सुटला. मात्र तीनचाकी टेम्पो आणि ४०७ यांच्यामध्ये मोठी फट राहिली होती.

ती फट मे २००५मध्ये टाटा एसने भरली. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली ही गाडी घडली. आराखडा पक्का होण्याआधी या चमूने तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेतल्या. त्यांना स्वस्त पण चार चाकांची, महामार्गावर न डगमगणारी आणि मालकाची पत राखणारी गाडी हवी होती. सुमारे ७०० सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, ७५० किलो भार आणि सुरुवातीची किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास, असं तिचं रूप ठरलं. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं.

पुढे स्पर्धा वाढली. २०११मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१५मध्ये महिंद्राची जीतो, २०१६मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९मध्ये टाटाची इंट्रा. महिंद्राच्या बोलेरो पिकअपने त्याहून जड मालाचा आणि खेड्यातल्या खराब रस्त्यांचा बाजार धरला. २०२२मध्ये टाटाने एसचं विजेवर चालणारं रूप आणलं. २०२५मध्ये आलेल्या एस प्रोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत चार लाखांच्या किंचित खाली होती. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यापुढे मोठा ट्रक किंवा तीनचाकी एवढेच पर्याय होते, त्याला आज पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत हवी ती गाडी निवडता येते.

वय झालेल्या शरीराला लहान गाडी का मानवते?

पहिला प्रश्न चढउताराचा. मोठ्या ट्रकची केबिन जमिनीपासून उंच असते. दांडा धरून, पायऱ्यांवर पाय रोवून वर चढावं लागतं. लांबच्या फेऱ्यात ही चढउतार कमी वेळा होते, पण प्रत्येक वेळी गुडघ्यावर पूर्ण भार येतो. पिकअपमध्ये एका पावलात बसता येतं. वाटपाच्या कामात दिवसभरात अनेकदा उतरावं लागतं, तिथे हा फरक संध्याकाळी गुडघ्यात जाणवतो.

दुसरा प्रश्न गाडीभोवतीच्या कामांचा. ड्रायव्हरचं काम स्टिअरिंगपुरतं कधीच नसतं. ताडपत्री टाकणं, दोर आवळणं, फाळका उघडणं-लावणं, टायर तपासणं, पंक्चर झालं तर चाक बदलणं हे सगळं असतं. मोठ्या ट्रकवर यासाठी क्लीनर लागतो आणि तरीही मालाच्या थप्पीवर चढावंच लागतं. लहान गाडीची ताडपत्री जमिनीवर उभं राहून बांधता येते. चाक एकट्याला उचलता येतं. डाला साधारण कमरेच्या उंचीला असल्यामुळे खोका खांद्यावर न घेता सरकवता येतो.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसू लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रीच्या नजरेबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. समोरून आलेल्या हेडलाइटने डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिव्याभोवती वलयं दिसतात. लांबच्या लाइनचा ट्रक मुख्यतः रात्री पळतो. वसाहतीतली पिकअप दिवसा. केवळ एवढ्या बदलाने मोठा धोका टळतो.

चौथा प्रश्न मान आणि कंबरेचा. लांब गाडी मागे घेताना आरसा, अंदाज आणि क्लीनरची हाक यांवर विसंबावं लागतं. ज्याची मान पूर्वीसारखी वळत नाही, त्याला आखूड गाडी सोपी जाते. टाटा एसची वळणत्रिज्या ४.३ मीटर आहे, म्हणजे चिंचोळ्या जागेतही ती फारसं पुढे-मागे न करता वळते. तासन्‌तास बसून मिळणारे हादरे कंबरेच्या मणक्यांना मारक असतात, हे वाहनचालकांच्या आजारांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. पिकअपही हादरे देते, रिकामी असली तर जरा जास्तच देते. पण तिच्या कामात दर थोड्या वेळाने उतरावं लागतं आणि पाठीला विसावा मिळतो.

घरी झोपायला मिळणं

जुन्या ड्रायव्हरला लहान गाडीवर का आलात असं विचारलं, तर बहुतेकदा पहिलं उत्तर घराचंच येतं. आणि हे उत्तर फक्त मायेचं नसून प्रकृतीचंही आहे.

पन्नाशीनंतर मधुमेह आणि रक्तदाब बऱ्याच जणांच्या सोबतीला येतात. दोन्हींच्या औषधांना ठरलेली वेळ हवी, जेवणाला नियम हवा. लाइनवर जेवण ढाब्यावर, तेही गाडी रिकामी होईल तेव्हा. गोळी घेतली आणि जेवण लांबलं तर साखर घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे स्टिअरिंगवर घडलं तर परिणाम भयंकर होतो. घरचा डबा, ठरलेली गोळी आणि रात्रीची सलग झोप मिळाली की हा धोका पुष्कळ कमी होतो. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा वेळ शरीर झोप मागण्याचा असतो. तरणा माणूस चहाच्या घोटावर तो काळ रेटून नेतो. साठीत ती रग राहत नाही आणि ती असल्याचा आव आणणं जिवावर बेतू शकतं.

कागदपत्रांची सोय

कायद्यानेही लहान गाडीची वाट बरीच मोकळी केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६नुसार ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. छोटा हत्ती या मर्यादेत आरामात बसतो. बोलेरो पिकअपचे जास्त भाराचे काही प्रकार मर्यादेबाहेर जातात, म्हणून गाडी घेण्याआधी पासिंग किती टनाचं आहे हे पाहावं.

लायसन्सचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते, असं २०१७मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात ठरलं. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. कंपनीतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर फक्त कार चालवलेल्या माणसाला यामुळे पिकअप चालवता येते. अपघात झाल्यावर केवळ शेरा नाही म्हणून विम्याचा दावा अडवण्याला आधार राहिला नाही.

व्यावसायिक वाहनाच्या चालकाला आठवी पास असण्याची जी अट होती, तीही २०१९मध्ये निघाली. आता साठीत असलेल्या पिढीत शाळा लवकर सुटलेले बरेच आहेत, त्यांना याचा थेट फायदा झाला.

लायसन्सला वयाची वरची मर्यादा नाही, पण तपासणी आहे. पंचावन्ननंतर लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं नमुना १-अ प्रमाणपत्र जोडावं लागतं. बुटीबोरीचा भाग नागपूर ग्रामीण आरटीओकडे येतो. गाड्यांच्या पाट्यांवरचा एमएच-४० हा क्रमांक तिथलाच.

पैशाचं गणित

लांबच्या लाइनवर पगार आणि भत्ता मिळून रक्कम मोठी दिसते, पण वाटेतला खर्च त्यातूनच जातो आणि गाडी दुसऱ्याची असते. शिवाय हातपाय चालतात तोवरच ही नोकरी. ट्रक चालवणाऱ्या बहुतेकांना पेन्शन नाही.

सरकारी पेन्शन योजनांमध्ये असंघटित कामगारांची सोय आहे, पण ती तरुणांसाठी. २०१५ची अटल पेन्शन योजना आणि २०१९ची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना या दोन्हींत वयाच्या १८ ते ४० वर्षांतच नाव नोंदवता येतं. ज्याने चाळिशी ओलांडल्यावर ही नावं ऐकली, त्याला दोन्ही दारं बंद. अशा माणसासाठी स्वतःच्या नावावरची पिकअप हीच म्हातारपणाची तरतूद ठरते. जमेल तितके फेरे मारायचे, दुखलं-खुपलं तर गाडी एक दिवस उभी ठेवायची, पुढे मुलाला किंवा भाच्याला चालवायला द्यायची आणि अगदीच नाही जमलं तर विकायची. जुन्या पिकअपला गावोगावी गिऱ्हाईक असतं.

कर्जासाठी एप्रिल २०१५मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान मालवाहू गाड्या बसतात. तरीही वयाचा अडसर येतो. कर्ज फिटेपर्यंत अर्जदाराचं वय किती होईल हे बँका पाहतात आणि सहअर्जदार मागतात. पंचावन्नव्या वर्षी सात वर्षांचे हप्ते बांधून घेण्यापेक्षा जास्त रक्कम आधी भरून हप्त्यांची मुदत कमी ठेवणं शहाणपणाचं. हप्ता डोक्यावर असला की माणूस तापातही गाडी काढतो, आणि मग लहान गाडी घेण्याचा मूळ हेतूच हरवतो.

जपानच्या शेतकऱ्यांनी हे आधीच ओळखलं

म्हातारपण आणि लहान ट्रक यांची जोडी सर्वांत ठळक दिसते ती जपानमध्ये. तिथे केई ट्रक नावाचा गाडीप्रकार आहे. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि भार ३५० किलो, अशी त्याची कायद्याने आखलेली मर्यादा. जपानच्या शेतकऱ्यांचं सरासरी वय सत्तरीच्या घरात पोचलं आहे आणि त्यांच्या अंगणात बहुधा हीच गाडी उभी असते. भातखाचरांमधल्या अरुंद वाटा, दाराशी थोडीशी जागा आणि थकलेली कंबर या तिन्हींना ती मानवते. आपल्याकडच्या सुपर कॅरीचं कूळ याच परंपरेतलं आहे. सुझुकीने कॅरी हे नाव जपानमध्ये १९६१पासून वापरलं.

जपानने गाडीसोबत नियमही आखले. सत्तरीनंतर लायसन्स वाढवताना ज्येष्ठांना खास प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि पंचाहत्तरीनंतर स्मृती व आकलनाची चाचणी द्यावी लागते. वयस्कर ड्रायव्हरला कामातून दूर न सारता तपासून कामात ठेवायचं, हा त्यामागचा विचार. तो आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

लहान गाडीचे धोके

लहान गाडी सोयीची आहे. म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही.

सर्वांत मोठा धोका जादा भाराचा. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भरा, असा आग्रह माल पाठवणारे करतात आणि फेरा जाऊ नये म्हणून ड्रायव्हर मान डोलावतो. जादा भाराने ब्रेक उशिरा लागतो, पाटे तुटतात आणि टायर तापून फुटतो. कायद्यात यासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. वय वाढल्यावर प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो. ब्रेकही सुस्त झाला, तर दोन्ही उशिरांची बेरीज होते.

दुसरा धोका पुढच्या धडकेचा. बऱ्याच लहान गाड्यांना लांब बॉनेट नसतं, त्यामुळे ड्रायव्हरचे पाय आणि समोरची गाडी यांत फारच थोडं अंतर राहतं. महामार्ग ४४वर ट्रेलरच्या मागे अंतर राखणं आणि पट्टा लावणं याला पर्याय नाही.

तिसरा धोका आमच्या विदर्भाचा खास, उन्हाचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि अनेक लहान गाड्यांत इंजिन सीटखाली असतं. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण त्याखालच्या गाड्या या नियमात नाहीत. म्हणजे ज्या गाडीवर वयस्कर माणूस बसतो, तीच गाडी बाहेर राहिली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आधीच कमी होतं. अशा माणसाने उन्हाळ्यात दुपारचे फेरे टाळावेत आणि पाण्याची मोठी बाटली हाताशी ठेवावी.

गाडी घेण्याआधी काय पाहावं?

- आधी डोळे तपासा, मग गाडी पाहा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया आधी उरकावी.
- शोरूममध्ये गाडी फक्त चालवून पाहू नका. दहा वेळा चढून-उतरून पाहा. गुडघा तिथेच उत्तर देईल.
- पॉवर स्टिअरिंग घ्याच. खांदे दुखणाऱ्याला थोडे जास्त पैसे गेले तरी परवडतं.
- रोजचा माल किती किलोंचा, याचा हिशेब करून एक पायरी वरचं पासिंग घ्या, म्हणजे जादा भाराची वेळ येणार नाही.
- मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आपल्या विम्यात आहे का, ते वाचून घ्या.
- फिटनेसची तारीख लिहून ठेवा. आठ वर्षांपर्यंत तो दोन-दोन वर्षांचा असतो, नंतर दरवर्षी करावा लागतो.
- मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि गाडी चालवणं यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

वसाहतीने काय द्यावं?

या ड्रायव्हरांनी आपल्यापुरता मार्ग शोधला आहे. बाकीचं काम त्यांच्याकडून फेरे करून घेणाऱ्यांचं आहे. गेटवर तासन्‌तास थांबवलं तर थांबण्याचे पैसे द्यावेत. माल भरायला-उतरवायला हमाल कंपनीचे असावेत. साठीच्या माणसाने पोती उचलावीत ही अपेक्षा चुकीची आहे. प्रत्येक खेपेला वजनाची पावती द्यावी, म्हणजे जादा भाराला नकार देताना ड्रायव्हर एकटा पडणार नाही. सावली, पाणी आणि स्वच्छतागृह असलेला गाडीतळ हवा. कारखाने आपल्या कामगारांची नेत्रतपासणी करतात, त्या शिबिरात गेटबाहेरच्या पिकअपवाल्यांनाही बोलवावं. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही.

कुठल्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी साचतं, कुठल्या गेटवर किती वाजता गर्दी होते, ओला माल कसा बांधायचा, ब्रेकचा आवाज बदलला म्हणजे काय झालं, हे ज्ञान वर्षांनीच येतं आणि नव्या पोराला पगार देऊन मिळत नाही. अनुभवी ड्रायव्हर लहान पिकअपवर आला की हे ज्ञान आणखी दहा-पंधरा वर्षं बुटीबोरीच्या कामी येतं. कारखान्यांना वेळेवर आणि धडधाकट माल हवा असेल, तर तो आणणारा माणूस धडधाकट राहील हे पाहणं हा त्यांच्याच व्यवहाराचा भाग आहे.